शेवंतीला रात्र द्या, वाफ्यांना माळी द्या : सोसायटीच्या व्यवस्थापन समितीस खुले पत्र

माननीय अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि समितीचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी ‘ब’ इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहते. १९९१ साली आपली सोसायटी उभी राहिली तेव्हापासूनची सभासद आहे. टपाल खात्यात ३४ वर्षं नोकरी करून निवृत्त झाले. जूनमध्ये मी तुमच्या पेटीत एक अर्ज टाकला, त्याची पोच मिळाली. जुलैमध्ये दुसरा टाकला, त्याचीही पोच मिळाली. उत्तर एकाचंही आलं नाही. म्हणून आता सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. सोसायटीचं नाव आणि तुमची नावं मुद्दाम लिहीत नाही. कर्वेनगर, सहकारनगर, बिबवेवाडी, औंध, कुठेही ओळखीच्यांकडे गेले की बागेबद्दल मला हेच ऐकायला मिळतं. तेव्हा हे पत्र तुम्हाला आहेच, आणि पुण्यातल्या तुमच्यासारख्या इतर समित्यांनाही आहे.

गेल्या वर्षी मे महिन्यात तुम्ही मागच्या कोपऱ्यातली रोपवाटिका बंद केलीत, माळीकाकांचं काम थांबवलंत आणि बाग कंत्राटावर दिलीत. हा निर्णय मला मान्य नाही. तो बदलावा म्हणून हे पत्र आहे.

माझा यात काय संबंध, ते आधी सांगते.

माझ्या आईचं घर सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात होतं. परसात हौदाजवळ शेवंती होती. बारीक, फिकट पिवळी, दाट पाकळ्यांची. बाजारातल्या मोठ्या शेवंतीला जो वास नसतो तो तिला होता. मार्गशीर्षातल्या गुरुवारी आई तिची वेणी करायची आणि उरलेली फुलं शेजारच्या दोन बिऱ्हाडांत द्यायची. १९९६ साली वाडा पाडायला घेतला. निघण्याच्या आदल्या दिवशी आईने त्या झाडाचे मुनवे, म्हणजे बुडातून फुटलेले कोंब, काढले, ओल्या गोणपाटात गुंडाळले आणि मांडीवर घेऊन रिक्षाने माझ्याकडे आली. माळीकाका तेव्हा आपल्याकडे नुकतेच लागले होते. त्यांनी गाठोडं उघडलं, मुळं पाहिली आणि म्हणाले, “आजी, जगतील. पण दरसाल करायला लागंल.”

या ‘दरसाल’चा अर्थ मला बऱ्याच वर्षांनी कळला. शेवंती म्हणजे एकदा लावला आणि विसरला असा आंबा नव्हे. फुलं सरली की जानेवारी-फेब्रुवारीत झाड जमिनीपासून वीतभर ठेवून छाटायचं. मग बुडातून मुनवे फुटतात. ते उन्हाळाभर अर्ध्या सावलीत जगवायचे. पाऊस लागला की कोवळ्या शेंड्यांची चार-चार बोटांची छाटकलमं करून वाळूत लावायची. मुळं धरली की कुंडीत न्यायची. जुलैत शेंडा खुडायचा, म्हणजे बाजूने फांद्या फुटतात. ऑगस्टात पुन्हा खुडायचा. ऑगस्ट संपला की हात आवरायचा, कारण त्यानंतर खुडलं तर कळीच जाते. यातली एक पायरी चुकली तर त्या वर्षी फुलं कमी. दोन वर्षं कुणी हात लावला नाही तर जुनं खोड कुजतं आणि झाड संपतं. आईची शेवंती आपल्या कोपऱ्यात २८ वेळा नवी झाली. आई २००९ मध्ये गेली. त्यानंतरही ती दर मार्गशीर्षात फुलत राहिली, कारण एका माणसाला ती कशी करायची ते ठाऊक होतं आणि तो ती करत होता.

मे महिन्यातल्या त्या सकाळी मी दूध घेऊन येत होते. साडेआठ वाजले असतील. जेसीबीने कोपरा निम्मा उकरून झाला होता. शेवंतीच्या चाळीस-पंचेचाळीस कुंड्या मातीत मिसळल्या होत्या. कडेला पडलेली एक कुंडी मी उचलली. तिचा तळ फुटला होता, आत तीन मुनवे होते. आज आईच्या वाड्यातलं जे काही उरलंय ते त्या तीन मुनव्यांपासूनचं आहे. आदल्या दिवशी नोटीस बोर्डावर एक ओळ लावली असती तर मी रात्रभर बसून सगळे मुनवे काढून घेतले असते. ही माझी पहिली तक्रार. तुम्ही विचारलं नाहीत, आणि सांगितलंही नाहीत.

दुसरी तक्रार दिव्यांची आहे. ती जरा सविस्तर लिहिते, कारण तुमच्यापैकी दोघांनी मला जिन्यात “दिव्याचा आणि फुलांचा काय संबंध?” असं विचारलं होतं.

गेल्या दिवाळीआधी कंपाउंडच्या भिंतीवर सहा एलईडी फ्लडलाइट लागले. त्यातला एक थेट माझ्या गॅलरीवर येतो. वाचवलेली शेवंती गॅलरीत होती. नोव्हेंबर निम्मा झाला, धायरीच्या मैत्रिणीकडे कळ्या टपोरल्या, आणि माझ्याकडे नुसती हिरवीगार पानं. खत झालं, पाणी बदललं, कुंडी फिरवून झाली. शेवटी माळीकाकांना फोन केला. त्यांनी खताचं विचारलं नाही, किडीचं विचारलं नाही. एकच विचारलं : “ताई, रात्री गॅलरीत पेपर वाचता येतो का?”

मी म्हटलं, येतो.

“मग ती निजलीच नाही. निजल्याबिगर कळी धरायची नाही.”

शास्त्र नेमकं हेच सांगतं. शेवंती दिवस मोजत नाही, रात्र मोजते. अंधार सलग आणि पुरेसा लांब मिळाला तरच तिच्या शेंड्यात पानाऐवजी कळी तयार होते. मध्यरात्री थोडा वेळ उजेड पडला तरी तिचा हिशेब मोडतो. दिवस-रात्रीच्या लांबीवर झाडांचं फुलणं अवलंबून असतं हे गार्नर आणि अॅलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये तंबाखू आणि सोयाबीनवरच्या प्रयोगांतून मांडलं. हरितगृहात शेवंती करणारे शेतकरी याच ज्ञानावर पैसे मिळवतात. फुलं लवकर हवी असतील तर संध्याकाळी काळं कापड ओढतात, उशिरा हवी असतील तर रात्री दिवे लावतात. डिसेंबरात पुण्यात दिवस जेमतेम ११ तासांचा असतो आणि रात्र १३ तासांची. ती रात्र शेवंतीला फुकट मिळत होती. आपण ती घालवली.

माळीकाकांनी सांगितलं तसं मी जाड काळं कापड दुहेरी शिवलं. संध्याकाळी सहाला कुंडीवर घालायचं, सकाळी सातला काढायचं, एकही दिवस न चुकता. लग्नाला जायचं असेल तर शेजारणीला किल्ली देऊन जायचं. चार आठवड्यांनी मोहरीएवढ्या कळ्या दिसल्या. फुलं उमलली ती संक्रांत होऊन गेल्यावर. मार्गशीर्ष केव्हाच सरला होता. त्या वर्षी गुरुवारची वेणी मी मंडईतून आणली.

दिवे बंद करा असं मी म्हणत नाही. आमच्याकडे एकट्या राहणाऱ्या बायका आहेत, मीही त्यातलीच. दिव्याचं तोंड खाली, वाटेकडे करा, वरून पत्र्याची झडप लावा, एवढंच मागितलं होतं. इलेक्ट्रिशियनचं अर्ध्या तासाचं काम आहे.

तिसरी तक्रार हिवाळी वाफ्यांची. मला सगळ्यांत जास्त इथेच बोलायचं आहे.

पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे. पाऊस ओसरला की हवा कोरडी होते आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटेचं तापमान १० अंशांच्या आसपास उतरतं. म्हणून पिटुनिया, फ्लॉक्स, डायंथस, अँटिऱ्हिनम, लार्कस्पर, स्वीट पी, नॅस्टर्शियम, कॅलेंडुला, हॉलिहॉक ही थंडीची फुलं आपल्याकडे जशी येतात तशी मुंबईच्या दमट हवेत येत नाहीत. एम्प्रेस गार्डनला जानेवारीत प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास जे पुष्पप्रदर्शन भरतं, त्यामागे हीच हवा आहे आणि या शहरातल्या माळ्यांच्या पिढ्या आहेत. आपले माळीकाका मूळचे पुरंदरचे. पोरवयात ते प्रभात रोडवरच्या एका बंगल्यात थोरल्या माळ्याच्या हाताखाली लागले. त्या बंगल्याच्या कुंड्या प्रदर्शनाला जायच्या. आठवडाभर आधीपासून थोरला माळी घरी जायचा नाही, कुंड्यांपाशीच निजायचा, असं ते सांगायचे. तिथे जे शिकले ते त्यांनी तीस वर्षं आपल्या सोसायटीत केलं.

तुमच्या ठरावात लिहिलं आहे की ‘बाग देखभालीसाठी विशेष कौशल्य लागत नाही’. ते काम मी अकरा वर्षं रोज सकाळी शेजारी बसून पाहिलं आहे आणि थोडंफार केलं आहे. तेव्हा काय लागतं ते मला सांगू द्या.

पिटुनियाचं बी धुळीसारखं असतं. एका ग्रॅममध्ये साधारण १०,००० बिया. ते चिमटीत येत नाही, आणि आलं तरी एकाच जागी पडतं. माळीकाका बारीक चाळलेल्या कोरड्या वाळूत ते मिसळायचे, मग ती वाळू ट्रेवर रांगोळी सोडावी तशी सोडायचे. वरून माती नाही. हे बी उजेडात रुजतं, मातीआड गेलं की गेलं. फक्त सपाट फळीने हलकं दाबायचं. वरून पाणीही नाही. ट्रे पाण्याच्या परातीत ठेवायचा आणि वरची माती काळसर दिसली की उचलायचा. नॅस्टर्शियमचं बी त्याच्या उलट, वाटाण्याएवढं. ते बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत खोल. स्वीट पीचं बी रात्रभर भिजवून. लार्कस्परला जागा बदललेली सोसत नाही, म्हणून ते थेट वाफ्यात, आणि तेही रात्री गार व्हायला लागल्यावरच. एवढी वेगवेगळी बियाणं, आणि सगळी पितृपक्ष ते दिवाळी या सहा-सात आठवड्यांत उरकायची.

रोप चार पानांचं झालं की हलवायचं. तेव्हा ते पानाला धरायचं, देठाला नाही. पान तुटलं तर दुसरं येतं, देठ चिरडला तर रोप गेलं. हलवायचं ते उन्हं उतरल्यावर. वाफ्यात वाफसा, म्हणजे लावणीजोगी बेताची ओल, असला पाहिजे. वाफसा कसा ओळखायचा? माती मुठीत दाबायची, मूठ उघडायची, त्या ढेकळाला अंगठा लावायचा. अलगद फुटलं तर वाफसा आहे. बोटाला चिकटलं तर थांबायचं. मला हे तोंडपाठ होतं, तरी पहिली दोन वर्षं माझा अंदाज दर वेळी चुकला. काका नुसतं बघायचे आणि म्हणायचे, “उद्या.” तिसऱ्या वर्षी मी ‘उद्या’ म्हटलं आणि त्यांनी मान डोलावली. त्या दिवशी मला टपाल खात्यातल्या बढतीपेक्षा जास्त आनंद झाला होता.

कुंडीला पाणी हवं की नको हे ते बोटाच्या उलट्या बाजूने टकटक करून सांगायचे. कुंभारवाड्यातून आणलेली मातीची कुंडी कोरडी असेल तर खणखण वाजते, ओली असेल तर बद्द आवाज येतो. प्लॅस्टिकच्या कुंडीला हा आवाज नाही.

बी धरणं हे तर वेगळंच काम. फ्लॉक्सची बोंडं वाळली की तडकतात आणि बी लांब उडतं. म्हणून ती तपकिरी व्हायच्या आत कागदाची पुडी बांधायची. अँटिऱ्हिनमच्या वाळक्या बोंडाला वर भोकं असतात, मीठदाणीसारखी. उपडं करून हलवलं की बी पडतं. ते बोंड छोट्या कवटीसारखं दिसतं, म्हणून इमारतीतली मुलं ती गोळा करायला भांडायची. दुकानातल्या संकरित पाकिटाच्या फुलांचं बी मात्र काका धरू द्यायचे नाहीत. “पोरं आईबापावर जात नाहीत त्याची,” म्हणायचे. पुढच्या पिढीत रंग-उंची फुटते हे त्यांनी कुठल्या वर्गात ऐकलेलं नव्हतं. एकदा धरून पाहिलं होतं, फसले होते आणि लक्षात ठेवलं होतं.

आता कंत्राटदार काय करतो ते बघू. कंत्राटदारावर माझा राग नाही, त्याची मुलं कष्टाळू आहेत. गाडीतून काळ्या पिशव्यांतली तयार फुललेली रोपं येतात. ती कोकोपीटमध्ये वाढवलेली असतात. मुलं खड्डा करतात, पिशवी फाडतात, मुळांचा गोळा जसाच्या तसा आपल्या काळ्या मातीत बसवतात. तो गोळा एकदा पूर्ण वाळला की सहज पाणी धरत नाही. पाणी गोळ्याच्या कडेने निघून जातं, भोवतीची माती चिखल होते आणि आतलं मूळ कोरडं राहतं. लावण्याआधी गोळा बादलीत बुडबुडे थांबेपर्यंत भिजवायचा आणि मुळं बोटांनी मोकळी करायची, हे त्या मुलांना कुणी शिकवलेलंच नाही. दिवसाला चार सोसायट्या उरकायच्या असतात, शिकवणार कोण? तीन आठवड्यांत रोपं माना टाकतात, मग नवी गाडी येते. गेल्या हिवाळ्यात डिसेंबर ते फेब्रुवारी मी पिशव्या मोजल्या. ६४२ भरल्या. त्यातली दोन रोपं अजून जिवंत आहेत. माळीकाका वाफ्यांच्या हंगामाला बियाण्याचे म्हणून हजार-बाराशे रुपये मागायचे, त्यातून उरलेले परत द्यायचे आणि वहीत सही घ्यायचे. ती वही माझ्याकडे आहे, सभेत आणेन.

पाण्याचा मुद्दा तुमच्या ठरावात आहे, म्हणून त्याबद्दलही. आपल्याकडे टँकर साधारण मार्चअखेर सुरू होतात. हिवाळी फुलं तोवर संपलेली असतात, तो त्यांचा शेवटच असतो. पाणी पितं ते हिरवळीचं लॉन, ऐन एप्रिल-मेमध्ये. वाफे काढून आपण लॉन वाढवलं. खजिनदारसाहेब, टँकरची बिलं तुमच्याकडेच आहेत.

चौथी तक्रार थोडक्यात. कुंपणाची कोरांटी आणि अबोली ‘जुनी, वाढलेली झुडपं’ म्हणून उपटली, कुंदाचा वेल तोडला. कोरांटी आणि कुंद थंडीत फुलतात, त्यांना ना खत लागतं ना विकतचं बी. तळमजल्यावरच्या आजी रोज सकाळी तिथून पूजेची फुलं न्यायच्या. आता तिथे कृत्रिम हिरवळ आणि प्लॅस्टिकच्या फुलांची भिंत आहे. वाढदिवसाला मुलं तिच्यापुढे फोटो काढतात, काढू देत. पण आजी मला विचारतात की कोरांटी कुठे गेली, आणि मला उत्तर देववत नाही.

पाचवी. हा निर्णय समितीच्या बैठकीत झाला, सर्वसाधारण सभेपुढे आलाच नाही. तीस वर्षं काम केलेल्या माणसाला एका महिन्याचा पगार आणि शाल-नारळ देऊन निरोप दिला, त्या समारंभालाही आम्हाला बोलावणं नव्हतं. काकांनी दोनदा, आणि मी लेखी तीनदा सुचवलं होतं की त्यांच्या हाताखाली एक तरुण मुलगा ठेवा, दोन वर्षांत तयार होईल. दर वेळी ‘बजेट नाही’ हे उत्तर मिळालं. त्यांचा स्वतःचा मुलगा घरोघर पार्सलं पोचवतो. त्यात कमीपणा काहीच नाही, मीही टपाल खात्यातलीच. पण काका मला म्हणाले, “त्याला शिकवलं असतं, पण शिकून तो करणार कुठं?” या प्रश्नाचं उत्तर आपल्यासारख्या सोसायट्यांकडे होतं, आणि आपण ते दिलं नाही.

तुम्ही बिनपगारी काम करता हे मी विसरलेले नाही. लिफ्ट, गळती, टँकर, पार्किंगची भांडणं, ८४ फ्लॅटची वर्गणी, सगळं तुमच्या डोक्यावर असतं. मी स्वतः दोन वर्षं समितीवर होते. बागेचा व्याप एकाच्या गळ्यात घालून मोकळं व्हावंसं वाटणं मला समजतं. “हल्ली सगळं यूट्यूबवर मिळतं, गरज पडली तर कुणीही बघून करेल,” असं सचिव मला म्हणाले, ते मनापासून म्हणाले. मी ते व्हिडिओ पाहते. चांगले असतात. पण वाफसा व्हिडिओत दिसत नाही. अंगठ्याखाली ढेकूळ किती सहज फुटायला हवं ते अंगठ्यालाच कळतं, आणि शेजारी ‘उद्या’ म्हणणारं कुणी असेल तरच लवकर कळतं. काका आता ६८ वर्षांचे आहेत. गुडघे गेले आहेत, डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे. हात अजून शाबूत आहेत. आपल्याकडे फार तर चार-पाच हंगाम आहेत.

आणखी एक युक्तिवाद मी ऐकला : ही सगळी विलायती फुलं, त्यांचं काय एवढं. पिटुनिया दक्षिण अमेरिकेतली, अॅस्टर चीनमधली, नॅस्टर्शियम पेरूकडची, हे खरं आहे. पण झेंडूही मेक्सिकोचा आहे, आणि त्याच्याशिवाय आपल्यात कुणाचा दसरा होतो का? परक्या मुलखातलं बी इथल्या माळ्यांनी इथल्या मातीत रुजवून घेतलं, त्याला इथलं वेळापत्रक लावलं. नोकरीत मी वर्षानुवर्षं पत्रांची विभागणी केली. तुळशीबाग, बेलबाग, हिराबाग, सारसबाग, रमणबाग असे पत्ते रोज हाताखालून जायचे. या शहराने आपले पत्तेच बागांच्या नावाने लिहिले आहेत. त्या बागांत राबणारे हात याच शहरात तयार झाले होते.

आता मागण्या. एकेक स्पष्ट लिहिते, म्हणजे एकेकीवर हो किंवा नाही म्हणता येईल.

मागच्या कोपऱ्यातली १२ फूट बाय २० फुटांची जागा रोपवाटिकेला परत द्या. तिथे सध्या दोन बंद पडलेल्या स्कूटर आणि जुन्या पाण्याच्या टाक्या आहेत, कुणाचं पार्किंग जात नाही.

माळीकाकांना सप्टेंबर ते फेब्रुवारी आठवड्यातून दोन सकाळी शिकवणारे म्हणून बोलवा. त्यांना योग्य मानधन आणि येण्या-जाण्याचं रिक्षाभाडं द्या. खुर्चीत बसून सांगितलं तरी चालेल.

त्यांच्या हाताखाली एक तरुण माणूस, मुलगा किंवा मुलगी, दोन वर्षांसाठी पूर्ण पगारावर ठेवा. कंत्राटदाराच्या मुलांपैकी एकाला हे काम आवडतं, त्याने मला तीनदा येऊन विचारलं आहे. त्याला आधी विचारा.

कंत्राटात दुरुस्ती करा. गवत कापणं, झाडलोट, मोठ्या फांद्यांची छाटणी हे त्यांनी खुशाल करावं. हिवाळी वाफ्यांत पिशवीतली तयार रोपं आणू नयेत.

फ्लडलाइटची तोंडं खाली करा आणि वाफ्यांच्या व गॅलऱ्यांच्या बाजूला झडपा लावा. हे दसऱ्याआधी व्हायला हवं.

पालापाचोळ्याचा खड्डा पुन्हा सुरू करा. रेन ट्रीचा पाला आपण पोत्यांत भरून बाहेर देतो आणि खत विकत घेतो.

कुंपणाला कोरांटी, अबोली आणि कुंद परत लावा. कोरांटीच्या फांद्या मी देईन, धायरीहून आणून ठेवल्या आहेत.

आणि हा विषय येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्या. सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते. पेरणीचे दिवसही तेव्हाच सुरू होतात, म्हणून सभा महिन्याच्या शेवटच्या दिवसावर ढकलू नका, ही विनंती.

माझ्याकडून रोज सकाळी दोन तास मिळतील. ‘अ’ आणि ‘क’ इमारतीतल्या सहा जणी आणि दोन निवृत्त गृहस्थ यांनीही नावं दिली आहेत, ती सोबत जोडली आहेत. काकांच्या सांगण्यावरून मी एक वही लिहायला घेतली आहे : कुठलं बी केव्हा, किती खोल, कुठल्या मातीत. ९० पानं झाली आहेत. ती सोसायटीच्या कार्यालयात ठेवायला माझी हरकत नाही, पण वहीबरोबर ती वाचून हात चालवणारं कुणीतरी हवं.

काल संध्याकाळी मी शेवंतीचा या वर्षीचा शेवटचा शेंडा खुडला. तीन मुनव्यांच्या आता अकरा कुंड्या आहेत. गॅलरीत इतक्या मावत नाहीत, आणि अकरा कुंड्यांवर रोज कापड घालणं मला एकटीला जमणार नाही. फ्लॉक्स, डायंथस, कॅलेंडुला आणि अँटिऱ्हिनमचं बी गेल्या वर्षीच्या आधीच्या हंगामातलं आहे, स्टीलच्या डब्यात राखेत ठेवलेलं. या वर्षी पेरलं तर बरंचसं रुजेल. पुढच्या वर्षीचं सांगता येत नाही.

माळीकाकांनी सभेला येतो म्हटलं आहे. त्यांना जिना चढवत नाही, तेव्हा सभा पहिल्या मजल्यावरच्या हॉलऐवजी खाली पार्किंगमध्ये घ्यावी. खुर्च्यांची व्यवस्था आम्ही करू.

आपली,
‘ब’ इमारतीतील एक सभासद
पुणे, ऑगस्टअखेर